ओझे किती, भरवसा किती : दीर्घ पल्ल्याच्या पर्वतीय सायकल-शर्यतीची तयारी

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतश्रेणीच्या माथ्यावरून एक जलविभाजक रेषा जाते. तिच्या पश्चिमेस पडणारे पावसाचे पाणी पॅसिफिक महासागराकडे जाते, तर पूर्वेस पडणारे पाणी त्या खंडाच्या दुसऱ्या अंगाच्या समुद्रांकडे वाहते. ही रेषा पुनःपुन्हा ओलांडत जाणारा सायकलचा एक मार्ग ‘अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ या अमेरिकन संस्थेने १९९० नंतरच्या दशकात आखला. तो बहुतांशी जंगलातील कच्चे रस्ते व जुन्या गाडीवाटा यांवरून जातो. १९९९ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड याने या मार्गाचा कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंतचा भाग कोणाच्याही साह्यावाचून १८ दिवस ५ तासांत पार केला. पुढे २००८ पासून याच मार्गावर ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत सुरू झाली. कॅनडातील बॅन्फ येथून जून महिन्यात निघणारे स्पर्धक न्यू मेक्सिको राज्यातील अँटिलोप वेल्स या सीमानाक्यावर पोहोचतात. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा महामार्गही याहून आखूड आहे. वाटेतील सर्व चढांची बेरीज ६०,००० मीटरच्या घरात जाते, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ पावणेसात पट.

या शर्यतीस प्रवेश-शुल्क नाही आणि पारितोषिकही नाही. नियम थोडे परंतु कठोर आहेत. स्पर्धकाने लागणारे सामान स्वतः वाहिले पाहिजे. वाटेतील दुकान, खाणावळ अथवा धर्मशाळेसारखी सर्वांस खुली असलेली सोय त्याला वापरता येते. परंतु मित्राने मोटारीतून आणून दिलेला डबा किंवा टायर घेता येत नाही. ब्रिटनच्या माइक हॉलने २०१६ मध्ये हे अंतर १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत तोडले, तर २०२४ मध्ये जस्टिनास लेवेइका याने त्याहूनही कमी, सुमारे १३ दिवस २ तासांचा वेळ नोंदविला. याचा अर्थ दररोज तीनशे किलोमीटरहून अधिक. सर्वसाधारण स्पर्धकाला तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि पुष्कळांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागते.

अशा प्रवासासाठी सामान निवडताना एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुढे येतो. सोबत घेतलेली प्रत्येक वस्तू प्रत्येक चढावर वर ओढावी लागते. मागे ठेवलेली वस्तू मात्र कदाचित एकाच रात्री हवी असते, आणि त्या रात्री तिची उणीव जिवावर बेतू शकते. म्हणून वस्तूचे वजन किती, एवढेच पाहून भागत नाही. ती नसल्यास काय होईल, हेही विचारावे लागते.

चाके आणि गिअर

सायकल निवडताना वेगापेक्षा टिकाऊपणाचा विचार आधी करावा लागतो. या मार्गावर पाच ते सहा सेंटिमीटर रुंदीचे टायर बहुधा वापरले जातात. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते. त्यामुळे खडीचे हादरे टायरमध्येच जिरतात आणि स्वाराचे हात व पाठ यांना आराम मिळतो. आत ट्यूब न घालता पातळ चिकट द्रव भरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. काटा शिरताच हा द्रव छिद्रातून बाहेर येऊन तेथेच घट्ट होतो. तथापि दगडाने टायरची बाजू फाटली तर द्रवाचा उपयोग होत नाही. यासाठी एक ट्यूब, पंप आणि टायर शिवण्यास जाड सुई व मजबूत दोरा बाळगावा लागतो.

गिअर पुरेसे हलके असावेत. पुढच्या दातेरी चाकाला ३२ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकाला ५० दात असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक पाऊण फेराही करीत नाही. सपाट रस्त्यावर हा गिअर हास्यास्पद वाटतो. परंतु दहाव्या दिवशी कोलोरॅडोतील ३,६३० मीटर उंचीची इंडियाना खिंड चढताना गुडघे शाबूत राहतात ते त्याच्याचमुळे. ही खिंड आपल्याकडील रोहतांगहून थोडीच कमी उंच आहे.

चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकविणारा डिरेलर हा सायकलचा सर्वांत नाजूक भाग होय. तो ज्या लहानशा पट्टीला टांगलेला असतो, ती सायकल आडवी पडताच वाकते किंवा मोडते. काही ग्रॅम वजनाची ही पट्टी प्रत्येक सायकलीची वेगळी असते आणि खेड्यातील दुकानात ती मिळण्याची शक्यता नसते. म्हणून अनुभवी स्वार ती जवळ बाळगतो. मात्र सर्वत्र मिळणारा साबण किंवा मोजे यांचा जादा जोड तो घेत नाही. ब्रेकचे पॅड, चेन जोडण्याची कडी व थोडे तेल यांनाही हाच न्याय लागू पडतो.

वजनाची वाटणी

पूर्वी प्रवासी सायकलीला मागे कॅरिअर लावून दोन्ही बाजूंस मोठ्या पिशव्या अडकवीत. खडबडीत वाटेवर कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात, पिशव्या हिंदकळतात आणि अरुंद पायवाटेवर झुडपांत अडकतात. बाइकपॅकिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पिशव्या सरळ सायकलच्या अंगालाच घट्ट बांधल्या जातात. फ्रेमच्या त्रिकोणात पाणी, हत्यारे आणि अन्न अशा जड वस्तू ठेवतात, कारण वजन खाली व मधोमध राहिले म्हणजे तोल सांभाळणे सोपे जाते. झोपण्याची पिशवी व कपडे यांसारख्या हलक्या पण फुगीर वस्तू हँडलला आणि सीटमागे बांधतात. पावसाचा कोट मात्र सर्वांत वर ठेवावा. तो काढण्यासाठी भर पावसात सारे सामान उपसावे लागले, तर कोरडे कपडेही ओले होतात.

थंडी आणि पाऊस

बॅन्फहून शर्यत निघते त्या सुमारास उंच खिंडींत बर्फ उरलेले असते. अखेरच्या टप्प्यात न्यू मेक्सिकोच्या माळावर उन्हाचा तडाखा असतो. एकाच पिशवीत या दोन ऋतूंची सोय करावयाची असते. स्पर्धकांचे अंदाज सर्वांत अधिक चुकतात ते येथेच. २०२२ च्या जूनमध्ये शर्यतीच्या पहिल्याच दिवसांत ब्रिटिश कोलंबियातील डोंगरांत बर्फ आणि गार पाऊस यांनी अनेकांना गाठले, आणि त्यांना सोडविण्यासाठी बचावपथकांना जावे लागले.

शून्याच्या किंचित वर तापमान असताना पडणारा पाऊस कोरड्या हिमवर्षावाहून धोकादायक असतो, ही गोष्ट मैदानी प्रदेशातील माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. ओले कपडे शरीराची उष्णता झपाट्याने हिरावून घेतात. चढावर घाम येतो आणि उतारावर तोच घाम वाऱ्याने गार पडतो. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही, पिशवीचे बंदही सोडता येत नाहीत. अशा वेळी पिशवीतील ऊबदार कोट असून नसल्यासारखा होतो. म्हणून अंगालगत लोकरीचा पातळ सदरा, वर खरोखर जलाभेद्य कोट आणि विजार, पाणी न शिरणारे हातमोजे, आणि केवळ झोपेसाठी राखून ठेवलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, यांत काटकसर करू नये.

झोपण्याच्या पिशवीत पक्ष्यांची मऊ पिसे भरलेली असतील तर ती हलकी व ऊबदार असते. मात्र भिजल्यावर पिसांचे गोळे होऊन ती ऊब देत नाही. कृत्रिम धाग्यांची पिशवी जड असते, पण ओलाव्यातही काही ऊब राखते. तंबूऐवजी नुसती जलरोधक खोळ घेतल्यास वजन वाचते. मात्र सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला तर आतल्या दमटपणाने झोप पुरी होत नाही. यांपैकी कोणती निवड योग्य, हे स्पर्धक रोज किती तास झोपणार आणि किती वेळा छपराखाली मुक्काम करणार यावर अवलंबून असते.

वीज, पाणी, अन्न

वाट दाखविणारे उपग्रह-यंत्र आणि दिवा यांना वीज लागते. पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसविलेला डायनॅमो ती पुरवितो. परंतु दीर्घ चढावर चाक इतके मंद फिरते की त्यातून पुरेशी वीज निघत नाही. म्हणून साठवण करणारी बॅटरीही जवळ ठेवावी लागते. मागचा लाल दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारा पट्टा यांचे महत्त्व वजनात मोजू नये. माइक हॉल स्वतः २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका लांब शर्यतीत मोटारीच्या धडकेने मृत्यू पावला.

वायोमिंगमधील ग्रेट डिव्हाइड खोऱ्यात पडणारे पाणी कोणत्याच समुद्राला मिळत नाही. ते तेथेच जिरते किंवा वाफ होऊन जाते. या कोरड्या प्रदेशात चार-पाच लिटर पाणी वाहण्याची सोय हवी. इतर ठिकाणी एवढे पाणी बाळगणे म्हणजे तितकेच किलो निष्कारण वर चढविणे होय. उत्तरेकडील जंगलांत ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने अन्न झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावे लागते आणि अस्वलावर मारावयाचा तिखट फवारा हाताशी ठेवावा लागतो.

अंगवळणी पडलेले सामान

उत्तम सामान विकत घेतले म्हणजे तयारी झाली, असे नाही. नवी सीट, नवे बूट किंवा नवी पिशवी शर्यतीच्या दिवशी प्रथमच वापरणे हा मोठा धोका आहे. एका तासात न जाणवणारी सीटची कड तिसऱ्या दिवशी जखम करते. हँडलवर सतत भार राहिल्याने करंगळी व तिच्या शेजारचे बोट आठवडेच्या आठवडे बधिर राहू शकतात. सीटची उंची थोडी चुकली तरी गुडघ्याला किंवा टाचेमागच्या स्नायुबंधाला सूज येते.

यासाठी शर्यतीपूर्वी काही महिने, पूर्ण सामानानिशी दोन-तीन दिवसांचे प्रवास करावेत. त्यांतील एक तरी मुद्दाम पावसात करावा. रात्री उशिरा थांबून, अंधारात, गारठलेल्या हातांनी अंथरूण घालून पाहावे. पहाटे ते आवरून निघण्यास किती वेळ लागतो तेही पाहावे. रोज सकाळी अर्धा तास वाचला तर वीस दिवसांत दहा तास वाचतात, आणि त्यासाठी एक ग्रॅमही कमी करावा लागत नाही. परतल्यावर प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडून न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढाव्यात. त्यांपैकी संकटकाळच्या वस्तू परत पिशवीत जातील. बाकीच्या घरी राहतील.

थांबण्याची तयारी

काही अडचणींवर सामानाचा उपाय चालत नाही. पावसानंतर मोंटाना आणि न्यू मेक्सिकोतील काही रस्त्यांवर चिकणमातीचा असा लगदा होतो की चाके फ्रेममध्ये अडकून फिरेनाशी होतात. जोर लावून पुढे जाणारा स्वार डिरेलर मोडून घेतो. रस्ता वाळेपर्यंत स्वस्थ बसणारा काही तास गमावतो, पण शर्यतीत राहतो. झोपेच्या अभावाचेही तसेच आहे. थकलेल्या मनाला भास होऊ लागतात आणि उतारावरचे साधे वळणही चुकते. अशा वेळी थांबून दोन तास झोपणे हाच उपाय असतो.

स्पर्धकांजवळ उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारे यंत्र असते आणि त्यावरील एक कळ दाबून मदत मागता येते. परंतु ती कळ दाबल्यावर त्याच वादळात डोंगरात निघणारी माणसे पुष्कळदा स्वयंसेवक असतात. स्वतःचे सामान स्वतः वाहण्याच्या नियमात ही जबाबदारीही येते. कोट घरी ठेवून वाचविलेले अर्धा किलो वजन अखेर त्यांना वाहावे लागू नये, एवढी काळजी पिशवी भरताना घ्यावयाची असते.