जुने पोकलेन घ्यावे का? हिशेब उरलेल्या तासांचा करावा

विहिरी, शेततळी आणि रस्त्यांची कामे करणाऱ्या लहान कंत्राटदाराला नवे पोकलेन अनेकदा परवडत नाही. कर्ज काढून जुने यंत्र घ्यावे, तर पहिल्याच हंगामात ते बंद पडण्याची धास्ती असते. असे झाल्यास काम थांबते. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून व्यवहारापूर्वीची तपासणी निर्णायक ठरते.

तपासणी खालून सुरू करावी

साखळी, शू, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट मिळून अंडरकॅरेज बनते. पोकलेनच्या देखभालीवरील खर्चाचा जवळपास निम्मा वाटा या एका भागावर जाऊ शकतो. 20 टन वर्गातील यंत्राच्या नव्या साखळीत लगतच्या दोन पिनांच्या मध्यांमधील अंतर सुमारे 190 मिलिमीटर असते. साखळी ताणून सलग चार दुवे मोजल्यास हे माप 760 मिलिमीटरच्या आसपास भरते. त्यात 10 मिलिमीटरची वाढ आढळली, तर पिन आणि बुश झिजले आहेत असे समजावे. स्प्रॉकेटचे दाते टोकदार झाले असल्यास केवळ साखळी बदलून भागत नाही. जुने दाते नव्या साखळीचीही झीज वेगाने करतात.

इंजिन थंड, तेल गरम

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आधीच तापवलेल्या इंजिनाचे दोष झाकले जातात. हायड्रॉलिक यंत्रणेची परीक्षा मात्र तासभर काम करून, तेल तापल्यावर घ्यावी. गरम तेल पातळ होते, झिजलेल्या पंपातून आतल्या आत गळते आणि बूमची ताकद कमी होते. बूम व आर्मवरील वेल्डिंगच्या खुणा आणि वरचा भाग फिरवणाऱ्या बेअरिंगमधील ढिलेपणाही पाहावा. तासांच्या मीटरवर एकट्यावर विसंबू नये, कारण मीटर बदलता येतो. पेडल, लिव्हर आणि आसनाची झीज सर्व्हिसच्या नोंदींशी जुळते का, हे ताडून पाहावे.

स्वस्त कोणते?

समजा, एक यंत्र 20 लाख रुपयांना मिळते, त्यावर 9 लाखांची दुरुस्ती लागते आणि ते आणखी 4,000 तास चालेल. दुसऱ्याची किंमत 32 लाख आणि दुरुस्ती 1 लाख असून ते 7,000 तास चालेल. पुढे पहिले 9 लाखांना आणि दुसरे 12 लाखांना विकले गेले, असे धरल्यास पहिल्याचा भांडवली खर्च तासाला 500 रुपये, तर दुसऱ्याचा 300 रुपये पडतो. 12 लाखांनी स्वस्त दिसणारे यंत्रच प्रत्यक्षात महाग ठरते. लो-बेड ट्रेलरचे भाडे आणि दुरुस्तीच्या काळात बुडणारे काम या हिशेबात अजून धरलेलेच नाही.

तरीही दुरुस्तीचे यंत्र नेहमीच टाळावे असे नाही. हाताशी विश्वासू मेकॅनिक असेल, सुटे भाग जवळ मिळत असतील आणि खोदकाम मंदावणाऱ्या पावसाळ्यात दुरुस्ती उरकता येत असेल, तर असा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. दोष अंडरकॅरेजपुरता असेल, तर खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. पंप आणि इंजिन दोन्ही संशयास्पद असतील, तर तो अंदाज बांधणेच कठीण होते. तेथे माघार घेणे शहाणपणाचे.

विसार देण्यापूर्वी मूळ खरेदीचे बिल आणि यंत्रावर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र पाहावे. यंत्र निर्दोष असले, तरी त्यावरील बोजा फिटलेला नसेल तर वित्तसंस्था ते ताब्यात घेऊ शकते.