जुळी कोकरं आणि आईचं दूध

भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन रोह्याकडे उतरतात. परवा धाटावजवळच्या एका शेतात वाडा बसला होता. दोन कोकरं एकाच मेंढीला ढुशा देत लुचत होती.

दख्खनी मेंढी एका वेताला सहसा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गारोल मेंढीतला ‘फेकबी’ जनुक संकरातून दख्खनीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. या जनुकाची एक प्रत असली, तरी जुळ्यांची शक्यता खूप वाढते.

पण जुळ्यांना दूध पुरायला हवं! म्हणून या वाणात इस्रायलची दुधाळ अवासी मेंढीही वापरली आहे.

फेकबी हा एकच जनुक, रक्ताच्या डीएनए तपासणीत कळतो. दूध मात्र अनेक जनुकं मिळून ठरवतात आणि त्यात चाऱ्याचाही वाटा असतो.



नर दूध देत नाही, पण लेकींना निम्मी जनुकं त्याचीच. म्हणून नर ठेवताना त्याच्या आईचं दूध आधी बघा.