मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यावर खोदकाम : नाणं हाती लागतं, पण इतिहास का हरवतो?

मार्च २०२५. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड. रात्रीच्या अंधारात टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन लोक शेतं खणत असल्याचे व्हिडिओ देशभर व्हायरल झाले. 'छावा' चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या मुघल खजिन्याचा उल्लेख आहे आणि परिसरात सोन्याची नाणी सापडल्याची अफवा पसरली होती. शेवटी प्रशासनाला धाव घ्यावी लागली.

हे वेड फक्त असीरगडापुरतं नाही. 'डिटेक्टर वाजला, माती उकरली, नाणं निघालं' अशा रील्सना प्रचंड व्ह्यूज मिळतात. पण यात नेमकं नुकसान काय होतं?

मेटल डिटेक्टर कसा काम करतो?

यंत्राच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र आवाज करतं. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. शिवाय खिळा, बाटलीचं झाकण आणि सातवाहनांचं नाणं, सगळ्यांसाठी ते वाजतं. खाली काय आहे हे बघायचं तर खणावंच लागतं, आणि नुकसान तिथेच सुरू होतं.

वस्तू सापडली तर बिघडलं कुठे?

पुरातत्त्वात वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची असते. ती मातीच्या कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरं, कोळसा किंवा हाडं होती, यावरून काळ ठरतो. महाराष्ट्रातली दोन उदाहरणं पाहा.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. आत दगडी पेटी होती. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं. मूर्ती नाण्याच्या कित्येक शतकांनंतरच्या आहेत. म्हणजे स्तूप नंतरच्या काळात पुन्हा उघडला गेला असावा, असा निष्कर्ष निघतो. कोणी नाणं आणि मूर्ती वेगवेगळ्या विकल्या असत्या, तर हे कधीच कळलं नसतं.

याउलट १९७४ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला गावकऱ्याला खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार कांस्यशिल्पं मिळाली. एकूण वजन ६० किलोहून अधिक. शिल्पं वाचली, आज ती मुंबई आणि दिल्लीच्या संग्रहालयांत आहेत. पण ती शास्त्रीय उत्खननात मिळाली नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळावरून अभ्यासकांमध्ये वाद झाला.

कल्याणकरांचा याच्याशी काय संबंध?

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूरांची नावं आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं. दुर्गाडीचा पाया खणताना धन सापडल्याची कथा इथे आजही सांगितली जाते. अशा कथांमुळेच गुप्तधनाचा मोह सुटत नाही. पण खाडीकाठच्या मातीत सोन्यापेक्षा खापरं सापडण्याची शक्यता जास्त. प्राचीन बंदर नेमकं कुठे होतं, याचा माग त्या खापरांवरूनच लागू शकतो. नाण्याच्या नादात हीच खापरं फेकली जातात.

कायदा काय सांगतो?

- निखात निधी कायदा, १८७८ : जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर मात्र हक्क बुडत नाही. सरकारने वस्तू घेतल्यास धातूची किंमत आणि त्यावर एक पंचमांश रक्कम मिळण्याची तरतूद आहे.
- पुरावशेष कायदा, १९७२ : १०० वर्षांहून जुनं नाणंही 'पुरावशेष' ठरतं. ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.
- प्राचीन स्मारक कायदा, १९५८ : राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ : गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार हा गुन्हा आहे.

परदेशात तर हा छंद आहे ना?

हो, इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने डिटेक्टर वापरता येतो. पण तिथेही १९९६ च्या कायद्यानुसार खजिना सापडल्यास कळवावंच लागतं. २०१५ मध्ये हेरफर्डशर परगण्यात दोघांनी व्हायकिंगकाळातला ठेवा लपवून विकला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. सुमारे ३०० नाण्यांपैकी मोजकीच परत मिळाली.

तुम्हाला काही सापडलं तर?

ट्रेकला गेल्यावर, शेतात किंवा इमारतीचा पाया खणताना काही दिसलं, तर खणणं तिथेच थांबवा. वस्तू हलवू नका, घासूनपुसून साफ करू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा आणि जागेची नोंद करा. तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि लोकेशनसह रील टाकू नका. तुमच्यानंतर तिथे फावडं घेऊन कोण पोहोचेल, हे सांगता येत नाही.