बंद झालेल्या ट्रॅक्टरांविषयीचे स्मरणरंजन : खानदेशच्या संदर्भात एक विवेचन

एखादे यंत्र ज्या कारखान्यात तयार झाले तो कारखाना बंद पडावा, त्याचा मार्का बाजारातून नाहीसा व्हावा आणि तरीही ते यंत्र उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत काळ्या जमिनीत नांगर ओढीत राहावे, ही स्थिती कृषिजीवनाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. अशा यंत्रांच्या मालकांशी बोलू लागले की त्यांच्या बोलण्यात एक विशेष जिव्हाळा आढळतो. 'तसे यंत्र आता होणे नाही' हे वाक्य त्यात बहुधा येतेच. हा जिव्हाळा म्हणजे केवळ म्हातारपणीचा हळवेपणा, असे समजून तो सोडून देण्याची आपली प्रवृत्ती असते. ही समजूत अपुरी आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दाचा विचार

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द प्रथम वैद्यकात जन्मास आला. बाझल येथे १६८८ मध्ये योहानेस होफर याने आपल्या प्रबंधात घरापासून दूर राहिलेल्या स्विस लोकांच्या व्याधीस हे नाव दिले. घरी परतणे व वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने ते घडविले. पुढे त्यातील स्थळाची ओढ मागे पडून काळाची ओढ पुढे आली. मराठीत आपण यास 'स्मरणरंजन' म्हणतो. मूळ शब्दात वेदना आहे, तर आपल्या शब्दात रंजन आहे. हा भेद लक्षात न घेतल्यास मराठी वाचकाची एक फसगत होण्याचा संभव असतो. जेथे प्रत्यक्ष हानी झालेली आहे, तेथेही त्यास केवळ मनोरंजन दिसू लागते.

स्वेतलाना बॉइम या विदुषीने २००१ मधील आपल्या ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार मानले आहेत. गेलेले जसेच्या तसे परत आणू पाहणारा तो पुनःस्थापक, आणि गेलेल्याचा विचार करीत त्याच्या अंतराचे भान ठेवणारा तो चिंतनशील. आपल्या विषयास हे वर्गीकरण उपयोगी असले तरी पूर्णपणे लागू पडत नाही. कारण येथे गेलेली वस्तू पुरती गेलेलीच नाही. ती अंगणात उभी आहे.

अमळनेरच्याच एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. आज विप्रो या नावाने जगप्रसिद्ध असलेल्या उद्योगाचा आरंभ १९४५ मध्ये अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या निर्मितीने झाला. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि '७८७' साबण ही नावे जुन्या पिढीस आठवतात. परंतु तूप खाऊन संपते, साबण झिजून जातो. मागे उरते ती आठवण. ट्रॅक्टर हा आपल्या निर्मात्याहून दीर्घायुषी ठरतो. त्याच्या मालकाचे स्मरण म्हणूनच दर हंगामास सुट्या भागांच्या शोधाशी जोडलेले असते.

२. लुप्त झालेले मार्के

भारतात ट्रॅक्टरांची निर्मिती १९६० च्या सुमारास सुरू झाली आणि बहुतेक कारखान्यांनी परदेशी उत्पादकांशी सहकार्याचे करार केले. बडोद्याच्या 'हिंदुस्थान' ट्रॅक्टरामागे चेकोस्लोव्हाकियातील झेटरचे तंत्र होते. या उद्योगाचे १९७८ मध्ये गुजरात सरकारच्या महामंडळात रूपांतर झाले आणि १९९९ मध्ये त्याची बहुसंख्य मालकी महिंद्र कंपनीकडे गेली. नाशिक येथे किर्लोस्कर ट्रॅक्टरांचा कारखाना १९७४ मध्ये उभा राहिला; त्याचे सहकार्य हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी ख्यात असलेल्या जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीशी होते. ज्या घराण्याने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून मराठी शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला, त्याचेच नाव ट्रॅक्टरावर पाहणे ही येथील शेतकऱ्यास अप्रूपाची गोष्ट होती. हा मार्काही पुढे बाजारातून गेला. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०२४ मध्ये शेती-ट्रॅक्टरांचा व्यवसाय सोडला, तेव्हा 'बलवान' हे नाव त्याच मालिकेत जमा झाले.

या सर्वांत अधिक आठवण काढली जाते ती एच. एम. टी. ची. मनगटावरील घड्याळ आणि शेतातील ट्रॅक्टर यांवर एकच नाव असलेला हा सरकारी उद्योग. हरियानातील पिंजोर येथे १९७१ मध्ये झेटरच्या सहकार्याने २५ अश्वशक्तीच्या '२५११' या ट्रॅक्टरापासून त्याने आरंभ केला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पिंजोरचा हा विभाग बंद करण्यास मंजुरी दिली.

३. जिव्हाळ्याची कारणे

पहिले कारण प्रतीक्षेचे होय. मागणीच्या मानाने उत्पादन थोडे असल्याने ट्रॅक्टरांची विक्री व वाटप यांवर १९७१ च्या आदेशान्वये सरकारी नियंत्रण होते. नाव नोंदवावे, क्रम लागण्याची वाट पाहावी, जमीन गहाण ठेवून भूविकास बँकेचे कर्ज काढावे, अशा मार्गाने ट्रॅक्टर दारी येत असे. अमळनेरच्या शेतकऱ्यास कारखाना दूरचा. त्याच्या दृष्टीने मार्का म्हणजे जिल्ह्याच्या गावचा विक्रेता. जळगावी भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीने व्यवसायास आरंभ केला आणि पुढे ट्रॅक्टर, तुषारसिंचनाची साधने व पाइप यांच्या एजन्सीज घेतल्या. त्यावरून यंत्र खानदेशात कोणत्या वाटेने शिरले याची कल्पना येते. इतक्या सायासाने आलेल्या वस्तूस घरच्या माणसाचे स्थान मिळाले, यात नवल नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही यंत्रे उकलता येत होती. झेटरने आपल्या दोन, तीन व चार सिलिंडरांच्या इंजिनांत अनेक भाग समान ठेवले होते. त्यामुळे एका ट्रॅक्टराचा भाग दुसऱ्यास चालविणे शक्य होई. लायनर व पिस्टन बदलले की जुने इंजिन पुन्हा उभे राही. इंधनाचा पंप सर्वस्वी यांत्रिक. गावचा मिस्त्री धुराच्या रंगावरून निदान करी : काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. ऑइल इंजिनांवर शिकलेला हात ट्रॅक्टरावरही चाले. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते लेथवर, गॅरेजात आणि बांधावर एका हातातून दुसऱ्या हातात जात असे.

नव्या यंत्रांत हा संबंध पालटला आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस उत्सर्जनाचे अधिक कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी इंधनाचे नियमन इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे सोपविले जाऊ लागले. त्यामुळे हवा कमी दूषित होते, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु दोष शोधण्यासाठी संगणक लागतो आणि संगणक कंपनीच्या माणसाकडे असतो. 'तसे यंत्र आता होणे नाही' या वाक्याचा खरा अर्थ येथे आहे. 'माझ्या हाताने दुरुस्त होईल असे यंत्र आता मिळणे नाही', असे शेतकऱ्यास म्हणावयाचे असते.

४. स्मरणात न येणारी माणसे

असे असले तरी या स्मरणाच्या मर्यादा अभ्यासकाने पाहिल्या पाहिजेत. गहाण ठेवण्याजोगी जमीन ज्याच्याकडे होती, त्याच्याच अंगणात ट्रॅक्टर आला. इतरांनी तो भाड्याने आणला. हरळी व कुंदा उपटण्यासाठी जेथे जड लोखंडी नांगरास बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत, तेथे एक यंत्र पुरेसे झाले. बैल कमी झाले, आणि त्यांच्यामागून चालणारा सालदारही. खानदेशात आखाजीस सालदार ठरविण्याची रीत आहे. त्या दिवशी कोणास बोलावणे आले नाही, हे ट्रॅक्टराच्या आठवणीत सांगितले जात नाही. कपाशीची वेचणी तर आजही बाया हातांनीच करतात. त्यांचा भार या यंत्राने हलका केला नाही. बैलाची पूजा पोळ्यास होते, ट्रॅक्टराची दसऱ्यास. या दोन्ही सणांत राबणाऱ्या माणसाचे स्थान कोणते, हा प्रश्न विचारल्यावाचून हे स्मरण पूर्ण होत नाही.

५. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बंद झालेल्या ट्रॅक्टराविषयीच्या जिव्हाळ्यात मार्क्याचे प्रेम थोडे आणि एका गमावलेल्या सामर्थ्याची जाणीव अधिक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार आरंभिला, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती-अवजारांचाही समावेश केला. जे शेतकरी आठवणीच्या भाषेत बोलत होते, तेच धोरणाच्या भाषेत आता मांडले जात आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे हाती घेण्याजोगे काम आहे. कारखान्यांचे इतिहास अहवालांतून सापडतील. मिस्त्रीचे ज्ञान सापडणार नाही. जुनी यंत्रे एकेक करून भंगारात जात आहेत आणि ती उकलणारे हातही थकत आहेत. मालक, मिस्त्री, विक्रेता आणि सालदार या चौघांच्याही आठवणी, आणि सोबत कर्जाची व खरेदीची कागदपत्रे, तालुक्यागणिक नोंदवून ठेवली पाहिजेत. यांपैकी केवळ मालकाचे ऐकले तर स्मरणरंजन हाती येईल. चौघांचे ऐकले तर खानदेशच्या शेतीच्या अर्धशतकाचा इतिहास लिहिता येईल.