शुक्रवारी चिठ्ठी, रविवारी पाठलाग

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास शहरातल्या एखाद्या कॅफेत नाहीतर सभागृहात टीमचे प्रतिनिधी जमतात. एकेकजण पुढे येऊन टोपीत हात घालतो आणि चिठ्ठी काढतो. चिठ्ठीवर सिनेमाचा प्रकार लिहिलेला असतो: भयपट, प्रेमकथा, गुप्तहेरकथा, विज्ञानकथा. ‘म्युझिकल किंवा वेस्टर्न’ ही चिठ्ठी निघाली की काढणाऱ्याचा चेहरा पडतो आणि बाकीचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. ज्याला अ‍ॅक्शन किंवा थ्रिलर मिळतं, तो मात्र खुशीत बाहेर पडतो. ही खुशी साधारण शनिवारी दुपारपर्यंत टिकते.

‘४८ अवर फिल्म प्रोजेक्ट’ या स्पर्धेची सुरुवात अशी होते. २००१ साली वॉशिंग्टन डीसीत मार्क रपर्ट यांच्या डोक्यात ही कल्पना आली. न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात नाटक लिहून, बसवून, त्याचा प्रयोग करण्याचा उपक्रम १९९५पासून चालू होता. तेच सिनेमात करता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. लिझ लँग्स्टन यांच्या साथीने त्यांनी तो मोजक्या टीमवर आजमावून पाहिला आणि पुढे ही स्पर्धा जगभरच्या शंभराहून अधिक शहरांत पसरली. मुंबईही त्यांत आली.

नियम थोडेच, पण कडक. कथा, पटकथा, चित्रीकरण, संकलन, संगीत हे सगळं शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ या ४८ तासांत उरकायचं. माणसं, कॅमेरा आणि जागा आधी ठरवून ठेवता येतात, पण कथेचा एक शब्दही आधी लिहायचा नाही. चित्रपट चार ते सात मिनिटांचा. हातात तयार गोष्ट घेऊन कोणी येऊ नये म्हणून तीन गोष्टी सक्तीच्या असतात: एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद. त्या शहरातल्या सगळ्या टीमना त्या सारख्याच मिळतात. पात्र कीर्तनकार, वस्तू छत्री आणि संवाद ‘मी तुला आधीच सांगितलं होतं’ असा निघाला, तर थ्रिलर करणाऱ्याने रात्री अकरा वाजता काय करायचं? तरी करतात. बऱ्याचदा छत्रीचंच हत्यार होतं.

अ‍ॅक्शन करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी खरी अडचण कळायला एक जुनं उदाहरण पुरेल. हिचकॉकच्या ‘सायको’तला स्नानगृहातला खून पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा आहे. त्याचं चित्रीकरण डिसेंबर १९५९मध्ये चाललं होतं आणि त्याला आठवडा लागला. कॅमेऱ्याच्या जागा सत्तरच्या वर. हाताशी हॉलिवूडचा स्टुडिओ आणि कसलेले तंत्रज्ञ. हौशी टीमकडे सात मिनिटांसाठी एक शनिवार असतो, आणि त्या शनिवारीही दुपारी चार वाजता सोसायटीचे सेक्रेटरी येऊन ‘पार्किंगमध्ये काय चाललंय’ म्हणून विचारतात.

म्हणून या स्पर्धांमधला चांगला अ‍ॅक्शनपट जवळजवळ नेहमी लपवण्यातून तयार होतो. एक साधा ठोसा घ्या. मारणारा आणि खाणारा यांच्यात चांगलं हातभर अंतर असतं. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या खांद्याच्या थोडा वर लावायचा. मूठ त्याच्या चेहऱ्यासमोरून आडवी जाते आणि नेमक्या त्याच क्षणी तो मान झटकतो. कॅमेरा लांब ठेवून टेलिफोटो लेन्स लावली, तर दोघांमधलं अंतर पडद्यावर आणखी कमी दिसतं. हाच कॅमेरा बाजूला, दोघांच्या मधल्या रेषेवर काटकोनात ठेवला, की मधली हवा उघडी पडते आणि शाळेच्या गॅदरिंगमधली मारामारी दिसते. ठोसा संपायच्या आत कट करायचा आणि पुढच्या शॉटमध्ये तीच हालचाल थोडी आधीपासून उचलायची. प्रेक्षकाचा डोळा दोन तुकडे आपणच जोडून घेतो.

बाकीचं काम कान करतो. हिंदी सिनेमाने आपल्याला ‘ढिशूम’ची सवय लावली आहे. हवेतल्या ठोशावर तो आवाज पडला की गालावर बसल्यासारखा वाटतो, आणि आवाज काढून टाकला तर दोन माणसं व्यायाम करताना दिसतात. ‘सायको’त सुऱ्याच्या वारांसाठी खरबुजात सुरा खुपसून आवाज मिळवला होता. हाड मोडल्याचा आवाज हवा असेल तर सेलरीची जुडी पिळतात. आपल्याकडे कडक गाजरावर भागतं. नवख्या टीम शनिवारचा सगळा दिवस चित्रीकरणात घालवतात आणि आवाजाला रविवारी दुपारचा तासभर ठेवतात. वास्तविक थ्रिलरमध्ये हा हिशेब उलटा असायला हवा. बंद दाराआडची पावलं नीट ऐकू आली, तर दार उघडून दाखवायला लागणारे तीन शॉट वाचतात.

तुटवड्यातून शैली कशी जन्माला येते, याचं गाजलेलं उदाहरण रॉबर्ट रॉड्रिगेझच्या ‘एल मारियाची’चं आहे. तो स्पर्धेसाठी काढलेला नव्हता, पण हौशी अ‍ॅक्शनवाल्यांची गीता म्हणावी असा हा सिनेमा. मेक्सिकोतल्या सियुदाद आकुन्या या सीमेवरच्या गावात, सुमारे ७,००० डॉलरमध्ये दोनेक आठवड्यांत चित्रित झालेला. त्यासाठी रॉड्रिगेझने औषधांच्या चाचणीत स्वतःचं शरीर भाड्याने देऊन पैसे उभे केले. ट्रॉली नव्हती, म्हणून कॅमेरा घेऊन व्हीलचेअरवर बसला. आवाज टिपणारा कॅमेरा नव्हता, म्हणून शॉट झाला की नटांकडून संवाद पुन्हा म्हणवून घेत वेगळे टेप केले. जिथे ओठ आणि शब्द जुळेनात, तिथे पटकन दुसऱ्या कशावर तरी कट मारला. त्या सिनेमाचा जो धावता वेग समीक्षकांना भावला, त्याचा बराचसा उगम या अडचणीत आहे. बंदुका तर खऱ्या होत्या, पण बनावट काडतुसं एका वेळी एकच वाजायची. मग एक बार वेगवेगळ्या कोनांतून घ्यायचा आणि संकलनात फैरी झाडायच्या. १९९३मध्ये सनडान्स महोत्सवात या सिनेमाला प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं.

आज बंदुकीची ती अडचण सॉफ्टवेअरने सोडवली आहे. खेळण्यातलं पिस्तूल, नटाने स्वतःच दिलेला हाताचा झटका, आणि नळीच्या टोकाशी एक-दोन फ्रेमपुरती ज्वाळा. एवढ्यावर गोळी सुटते. व्हिडिओ कोपायलटच्या ‘अ‍ॅक्शन इसेन्शियल्स’सारख्या संग्रहांतून अशा ज्वाळा, धूर आणि ठिणग्या तयार मिळू लागल्या. कॅनन ५डी मार्क टू या २००८च्या स्टिल कॅमेऱ्याने फुल एचडी व्हिडिओ आणि पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय हौशी लोकांच्या हातात दिली. आता डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आणि बरा फोन असला की काम होतं. ज्वाळा चिकटवणं सोपं आहे. अवघड आहे ते भिंतीवर क्षणभर पडणारा तिचा उजेड आणि समोरच्याचं दचकणं. बहुतेक हौशी गोळीबार फसतो तो इथे.

गोष्टीचं काय? ती शुक्रवारी रात्रीच बिघडते. सात मिनिटांत तीन टोळ्या, एक फितूर पोलीस आणि शेवटी ‘तोच खरा सूत्रधार होता’ हे बसत नाही. तरी लिहिलं जातं, कारण रात्री एक वाजता प्रत्येकाला आपली कलाटणी सुचलेली असते. त्यातही दोन कलाटण्या सारख्या भेटतात: सगळं स्वप्न होतं, आणि बॅगेत काय होतं ते कळतच नाही. दोन्हींना परीक्षक विटले असणार.

या प्रकाराला खरी मानवते ती एकच सरळ रेघ: कोणाला तरी काही तरी हवं आहे आणि मध्ये कोणी तरी उभं आहे. स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ पाहावा. १९७१मध्ये अमेरिकी टीव्हीसाठी केलेला, चित्रीकरण दोनेक आठवड्यांत आटोपलेलं. एक साधा विक्रेता, एक जुनाट ट्रक, वाळवंटातला रस्ता. ट्रकचालकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, त्यामुळे त्याच्या रागाचं कारण सांगण्यात एक मिनिटही खर्च होत नाही. टॉम टिक्वरचा ‘रन लोला रन’ (१९९८) तर घड्याळावरच उभा आहे: वीस मिनिटं, एक लाख मार्क, आणि धावणारी मुलगी. पाठलाग स्वस्तात होतो. त्याला स्टंटमन लागत नाही, दम लागतो.

मात्र दमलेली माणसं आणि स्टंट ही जोडी वाईट. रविवारी पहाटे, झोप न झालेली टीम गच्चीच्या कठड्यावरून ‘फक्त एकदा’ म्हणते, तिथे स्पर्धेचा उत्साह धोक्याचा होतो. व्यावसायिक सेटवरसुद्धा चुका जीव घेतात. ‘द क्रो’च्या चित्रीकरणात १९९३मध्ये नट ब्रँडन ली गेला. २१ ऑक्टोबर २०२१ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर हलीना हचिन्स ही छायाचित्रकार गोळी लागून मरण पावली. तिथे शस्त्रांची जबाबदारी असलेलं माणूस नेमलेलं होतं, हौशी टीममध्ये तेही नसतं. म्हणून खरं शस्त्र आणायचंच नाही. खेळण्यातलं पिस्तूलही रस्त्यावर काढण्याआधी पोलीस ठाण्याला आणि आसपासच्या लोकांना कळवलेलं बरं. लांबून पाहणाऱ्याला कॅमेरा दिसत नाही, पिस्तूल दिसतं.

भारतात ‘४८ अवर’च्या जोडीला ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ आहे. २०११मध्ये रितम भटनागर यांनी तो सुरू केला आणि मुदत ठेवली ५० तासांची. तिथे विषय दिला जातो आणि फोनवर चित्रपट करणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे. या स्पर्धांचं मराठी मुलांना फारसं अप्रूप वाटत नसावं. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेसाठी रात्ररात्र तालीम केलेल्यांना मुदत, जागरण आणि परीक्षकांची भीती परिचयाची असते. फरक इतकाच की एकांकिकेत चूक झाली तर पुढच्या प्रयोगात दुरुस्त होते.

यातून पुढे काय होतं, असा प्रश्न घरचे विचारतातच. बहुतेकांचं काहीच होत नाही आणि त्यात काही बिघडत नाही. काहींचं मात्र होतं. न्यूझीलंडमध्ये अँट टिम्पसन यांनी सुरू केलेल्या ४८ तासांच्या स्पर्धेत अंतिम फेरीसाठी आपल्या पसंतीचे चित्रपट निवडायला खुद्द पीटर जॅक्सन बसत. लंडनच्या साय-फाय महोत्सवातली ४८ तासांची स्पर्धा २००८मध्ये गॅरेथ एडवर्ड्सने जिंकली. मग त्याने ‘मॉन्स्टर्स’ (२०१०) केला, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी टीम घेऊन. त्यातले सुमारे अडीचशे व्हीएफएक्स शॉट त्याने स्वतःच घरी संगणकावर तयार केले. पुढे ‘गॉडझिला’ आणि ‘रोग वन’.

रविवारी दुपारची झुंज मात्र कोणत्याही खलनायकाशी नसते. एक्सपोर्टची पट्टी ९७ टक्क्यांवर अडते, आवाज दोन फ्रेम मागे पडतो, पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडत नाही. अनुभवी टीम दुपारीच एक कच्ची प्रत काढून ठेवतात, रंग आणि आवाज अर्धवट असले तरी चालेल म्हणून. उशिरा आलेला चित्रपटही प्रेक्षकांना दाखवला जातो, पण मुख्य पारितोषिकांसाठी धरला जात नाही. वेळेत पोचलेल्यांतून शहराचा विजेता ठरतो आणि तो पुढे ‘फिल्मापलूझा’ या वार्षिक मेळाव्यात इतर शहरांच्या विजेत्यांशी भिडतो. तिथले निवडक चित्रपट कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म कॉर्नरपर्यंत जातात. त्याआधी आपल्याच शहरातल्या थिएटरात खलनायकाच्या एंट्रीला त्याची मावशी मोठ्याने ओळख पटवते, आणि पिन पडली तरी ऐकू येईल अशा शांततेसाठी बांधलेल्या प्रसंगात अख्खं सभागृह हसतं.