जुन्या संगणकावरची नक्कल बंद पडते तेव्हा

म्हापशाच्या न्यायालयाच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या आसपास टंकलेखनाची व झेरॉक्सची जी लहान दुकाने आहेत, त्यांचे काम एका साध्या सोयीवर चालते. पेडण्याहून अथवा डिचोलीहून आलेल्या पक्षकाराचा अर्ज तेथे प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून टंकित होत नाही. मागच्या अर्जातील मजकूर उचलला जातो, नव्या कागदावर ठेवला जातो आणि त्यात नाव, गाव व फॉर्म एक-चौदामधील सर्व्हे क्रमांक तेवढे बदलले जातात. शाळेची प्रश्नपत्रिका, जत्रेची किंवा फेस्ताची स्मरणिका, लग्नाची पत्रिका यांचीही गोष्ट हीच. नक्कल करणे, ती दुसरीकडे चिकटवणे आणि माऊसने वस्तू ओढून हव्या त्या जागी नेणे, ही तीन कामे इतकी अंगवळणी पडलेली असतात की ती कोण करतो हा प्रश्न मनात येत नाही. एखाद्या सकाळी ती तिन्ही एकदम बंद पडली की मात्र दुकानदार हवालदिल होतो.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची उणीव नसते. ‘यंत्र जुने झाले, सगळे पुसून नव्याने भरा’ हा त्यांतील सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग पडणारा सल्ला. कारण गोव्यातील अनेक घरांत आणि दुकानांत जुना संगणक टिकून राहिला आहे तो त्यातील कागदपत्रांसाठी. या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आले. त्याच सुमारास छपाईच्या दुकानांतून श्रीलिपीसारख्या मराठी प्रणाली रुजल्या. पंधरा-वीस वर्षांचे लिखाण अशा यंत्रांत साठलेले असते आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. म्हणून हा बिघाड नेमका कसा होतो आणि तो कोणत्या क्रमाने शोधावा, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

या सोयीचा जन्म मोठा मनोरंजक आहे. ज्या कंपनीच्या नावाने म्हापशातील माणूस छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्याच झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ती घडली. 1970 च्या दशकाच्या मध्यास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी तेथे ‘जिप्सी’ नावाची लेखनप्रणाली तयार केली. ती पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेसाठी होती. त्या काळचे संपादक हस्तलिखितातील परिच्छेद कात्रीने कापून दुसऱ्या पानावर डिंकाने चिकटवीत. संगणकाने हेच करावे, अशी ती कल्पना होती. कापणे आणि चिकटवणे हे शब्द त्या टेबलावरून आजपर्यंत टिकून राहिले आहेत. पुढे 1983 मध्ये ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ संगणकाने ही सोय बाजारात आणली आणि एक्स, सी, व्ही या शेजारच्या कळा त्या कामासाठी रूढ झाल्या. टेस्लर 2020 मध्ये निवर्तले.

आता ही सोय चालते कशी ते पाहू. संगणकाच्या स्मृतीत एक पाटी असते असे समजावे. विद्यार्थ्याच्या पाटीप्रमाणेच तीवर एका वेळी एकच गोष्ट राहते. नवे लिहिले की जुने पुसले जाते आणि वीज गेली की पाटी कोरी होते. वर्गात पाटी एकच आणि मुले अनेक, अशी ही स्थिती आहे. म्हणून ज्या क्षणी एका प्रोग्रामने ती हातात धरली असेल, त्या क्षणी दुसऱ्याला तीवर लिहिता येत नाही. मजकूर ‘कट’ केला असता तो कागदावरून नाहीसा होतो आणि चिकटवीपर्यंत केवळ या पाटीवर उरतो. फाईलची गोष्ट वेगळी आहे. तिची नक्कल करताना पाटीवर फाईल येत नाही, तिचा पत्ता येतो. आणि म्हणूनच मध्येच पेन ड्राइव्ह काढून घेतला तर चिकटवण्यासारखे काही उरत नाही.

माऊसने ओढून नेण्याच्या कामी पाटी लागत नाही, परंतु संवाद लागतो. विंडोज प्रणालीत प्रत्येक प्रोग्राम आपापल्या भिंतींच्या आत राहतो. एका घरातील वस्तू दुसऱ्या घरात न्यायची तर ‘तुझ्यापाशी काय आहे, ते कोणत्या रूपात देतोस, मी ते घेऊ शकतो काय’ अशी विचारपूस व्हावी लागते. ही विचारपूस पोहोचवणारा एक निरोप्या पडद्याआड सतत काम करीत असतो. त्याचे नाव ‘रिमोट प्रोसिजर कॉल’. फाईलींची नक्कल आणि माऊसने ओढणे ही दोन्ही कामे अखेर त्याच्यावर अवलंबून असतात. तिन्ही कामे एकदम बंद पडण्याचे कोडे येथे उलगडते: सेवक तीन दिसतात, पण त्यांचा आधार बहुधा एकच असतो.

बिघाड शोधण्यापूर्वी एक पथ्य पाळावे. यंत्र पूर्ववत होईपर्यंत ‘कट’ ही क्रिया करू नये, आणि महत्त्वाची कागदपत्रे आधी बाहेर काढावीत. नक्कल बंद असताना ती काढायची कशी, असे कोणी विचारील. त्याला मार्ग आहेत. कागद उघडून ‘सेव्ह ॲज’ या आज्ञेने तो पेन ड्राइव्हवर साठवता येतो. फाईली पुष्कळ असतील तर काळ्या पडद्याच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘कॉपी’ ही जुनी आज्ञा टंकित करावी. तिला पाटी लागत नाही आणि माऊसही लागत नाही. तेही न जमल्यास जाणकाराकडून यंत्रातील हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून घ्यावी.

यानंतर पहिली तपासणी हाताशी असलेल्या साधनांची. गोव्याच्या पावसाळ्यातील दमट हवा कळफलकाला मानवत नाही. कंट्रोलची कळ अडकली किंवा सी अक्षराची कळ उमटेनाशी झाली की नक्कल बंद पडल्याचा भास होतो. यासाठी नोटपॅड उघडून चार शब्द लिहावेत, ते निवडावेत आणि माऊसच्या उजव्या बटणाने येणाऱ्या यादीतून ‘कॉपी’ व नंतर ‘पेस्ट’ करावे. तसे जमले तर दोष कळांचा. कंट्रोलबरोबर इन्सर्ट दाबल्यास नक्कल होते आणि शिफ्टबरोबर इन्सर्ट दाबल्यास ती चिकटते. नवा कळफलक येईपर्यंत एवढ्यावर काम निभावते. केवळ ओढणे बंद असेल तर माऊसचे डावे बटण झिजले आहे काय ते पाहावे. झिजलेले बटण दाबून धरले तरी मध्येच सुटते आणि वस्तू वाटेतच राहते. शेजारच्या दुकानातील माऊस पाच मिनिटे जोडून पाहिला की याचा निकाल लागतो. पुष्कळदा अर्धवट राहिलेली एखादी ओढ मनात धरून यंत्र अडून बसते. फाईलवर डावे बटण दाबून धरावे आणि एस्केपची कळ एकदा दाबावी, म्हणजे ते मोकळे होते.

दुसरी तपासणी प्रोग्रामची. तक्रार एकाच प्रोग्रामपुरती असेल तर सबंध यंत्राला बोल लावू नये. वर्डमध्ये मजकूर ओढण्याची आणि एक्सेलमध्ये चौकटी ओढण्याची परवानगी त्यांच्या ‘ऑप्शन्स’मध्ये असते, तेथील खूण नकळत काढली गेली असण्याचा संभव असतो. काही पीडीएफ कागदांतून नक्कल घेण्यास कर्त्यानेच मनाई केलेली असते. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या प्रणालींत आणखी एक नियम आला: ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या वरच्या अधिकाराने उघडलेल्या प्रोग्राममध्ये साध्या अधिकाराच्या खिडकीतून काही ओढून नेता येत नाही. हा बिघाड नव्हे, सुरक्षेसाठी घातलेले कुंपण आहे. तो प्रोग्राम बंद करून साध्या रीतीने उघडला की ओढणे पुन्हा सुरू होते.

तिसरी तपासणी पाटी कोणी धरून ठेवली आहे काय याची. पडद्याचे चित्र घेणारे, उतरवून घेण्याची कामे सांभाळणारे किंवा दूरच्या संगणकाशी जोडणारे प्रोग्राम पाटीवर सतत नजर ठेवून असतात, आणि त्यांतील एखादा बिघडला की ती सोडत नाही. अशा वेळी नोटपॅडमध्येसुद्धा नक्कल होत नाही. घड्याळाशेजारी बसलेले हे प्रोग्राम एकेक करून बंद करावेत आणि प्रत्येकानंतर नक्कल करून पाहावी. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यानेही पाटी सुटते. मात्र कोणता प्रोग्राम दोषी होता हे त्यातून कळत नाही आणि तक्रार परत येते.

चौथी तपासणी निरोप्याची. नोटपॅडमधील साधा मजकूर चिकटतो, पण फाईल चिकटत नाही आणि ओढलीही जात नाही, अशी स्थिती असेल तर संशय येथे घ्यावा. ‘कंट्रोल पॅनल’मधील ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’ व त्यातील ‘सर्व्हिसेस’ उघडल्यावर ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ हे नाव सापडते. त्यापुढे ‘स्टार्टेड’ आणि ‘ऑटोमॅटिक’ हे शब्द असले पाहिजेत. त्याच्याच खाली ‘लोकेटर’ असे शेपूट लावलेले दुसरे नाव दिसते. ते वेगळे आहे आणि त्यापुढे ‘मॅन्युअल’ असणे योग्यच होय. ‘डीकॉम सर्व्हर प्रोसेस लाँचर’ हा त्याचा सोबतीही चालू हवा. जुने यंत्र वेगवान करण्याच्या नादात अपरिचित नावे दिसतील तेवढी बंद करण्याची एक खोड एक्सपीच्या काळात पसरली होती, आणि अनेक यंत्रांतील निरोप्याचा बळी तिनेच घेतला. एकदा हा निरोप्या बंद ठरवला की सर्व्हिसेसच्या खिडकीतील बटणेही बहुधा मिटतात. तेथून पुढे ‘सिस्टिम रिस्टोअर’ने यंत्र आधीच्या तारखेस नेणे किंवा जाणकाराच्या हाती देणे श्रेयस्कर. सिस्टिम रिस्टोअर प्रणालीची मांडणी मागे नेते. लिहिलेल्या कागदपत्रांना ते हात लावीत नाही.

हा निरोप्या बाहेरच्या शत्रूकडूनही मारला जातो. ऑगस्ट 2003 मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा जगभरच्या विंडोज 2000 आणि एक्सपी यंत्रांत शिरला, तो याच सेवेतील एका फटीतून. सेवा कोसळली की एक्सपीची यंत्रे साठ सेकंदांची सूचना देऊन बंद होत. विंडोज 2000 ची यंत्रे चालू राहत, पण त्यांवर नक्कल आणि ओढणे बंद पडे. ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांनाच फटका बसला. आज ही गोष्ट आठवण्याचे कारण असे की एक्सपीच्या दुरुस्त्या 2014 मध्ये, विंडोज 7 च्या 2020 मध्ये थांबल्या आणि विंडोज 10 चा नियमित आधारही ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. असे यंत्र लिखाणासाठी जरूर वापरावे. इंटरनेटला जोडू नये, आणि बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर तपासल्याविना त्यात घालू नये.

मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक तक्रार सतावते. नक्कल होते, चिकटतेही. पण चिकटल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. येथे पाटी निर्दोष असते. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी प्रणाली रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चढवीत. तो फाँट जेथे नाही तेथे मुखवटा गळतो आणि खालचे क्रमांक उघडे पडतात. चिकटवलेला मजकूर निवडून मूळ फाँट लावला की तो पुन्हा वाचता येतो, अर्थात तो फाँट त्या यंत्रात असेल तर. कायमचा उपाय म्हणजे परिवर्तकाच्या साहाय्याने सारे लिखाण युनिकोडमध्ये आणणे आणि जोडाक्षरे व रफार नीट उतरले आहेत की नाहीत हे डोळ्यांनी वाचून पाहणे. हे काम जुने यंत्र चालू आहे तोवरच सुलभतेने होते. ते कायमचे बंद पडल्यावर त्यातील फाँटही हाती राहत नाही.

हात, प्रोग्राम, पाटी आणि निरोप्या असा हा तपासाचा क्रम आहे. सोप्यापासून अवघडाकडे जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल केल्यावर नोटपॅडमध्ये पडताळा घ्यावा. एवढी शिस्त पाळणाऱ्यावर सबंध यंत्र पुसण्याची पाळी क्वचितच येते. आणि आलीच, तरी ज्याने कागदपत्रे आधी बाहेर काढली त्याचे नुकसान एका दिवसाच्या कामाचे होते. ज्याने काढली नाहीत त्याच्या दुकानातून पंचक्रोशीच्या कित्येक वर्षांच्या अर्जांचे मसुदे जातात, आणि ते कोणत्याही पाटीवरून परत उचलता येत नाहीत.