विज्ञानाचा कौल आणि राज्यकर्त्यांचा अखत्यार

हवामानबदलाविषयी शास्त्रज्ञांनी एकदा निष्कर्ष दिला की राज्यकर्त्यांना केवळ अंमलबजावणीचेच काम उरते, ही सुशिक्षितांतही रूढ असलेली समजूत नवी मुंबईच्या खाडीकाठी क्षणभरही टिकत नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या राज्य सरकारच्या नगरनियोजन महामंडळाने ज्या खारजमिनींवर हे शहर वसविले, त्यांचा बराचसा भाग उधाणाच्या भरतीपेक्षा सखल असल्यामुळे, डच पद्धतीला अनुसरून येथे धारण तलाव बांधण्यात आले: भरती येताच झडपा मिटाव्यात, तोवर पावसाचे पाणी तलावात थोपून राहावे आणि ओहोटी लागली की ते खाडीत निघून जावे. कालांतराने तलावांत गाळ साचला आणि गाळावर तिवरांचे रान माजले. गाळ उपसावा तर तिवरे तोडावी लागतात, न उपसावा तर पाणी वस्तीत शिरते. आणि सार्वजनिक हितासाठी आवश्यक ठरल्याखेरीज तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केलेली आहे.

विज्ञान येथे पुष्कळ सांगू शकते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली; ती जसजशी चढेल तसतसा झडपा उघड्या ठेवण्याचा अवधी आखडत जाईल; तिवरे लाटांचा जोर मोडतात आणि कर्बही साठवतात. परंतु कोणता तलाव आधी उपसावा, किती तिवरे गमवावीत आणि खर्च कोणाच्या माथी मारावा, हे ठरविणे सर्वस्वी राजकारणाच्या अखत्यारातले आहे. आणि तो निर्णय ‘तांत्रिक’ म्हणून दप्तरात दडविणे ही मला लबाडी वाटते.

प्रत्येक पूर हवामानबदलाचाच, हा समजही तितकाच सोयीचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे खरे. पण तुंबलेल्या नाल्याचे खापर आभाळावर फोडता येत नाही.

विज्ञानच सारे ठरवते या समजुतीच्या उलट टोकाचा आक्षेप असा की, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या अहवालाला सरकारे मंजुरी देतात, म्हणून ते विज्ञानच राजकीय. वस्तुस्थिती अशी की, सरकारी प्रतिनिधी ओळीगणिक संमती देतात ती धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशाला; मूळ प्रकरणे शास्त्रज्ञच लिहितात, आणि सारांश त्यांच्याशी विसंगत होऊ नये यावर त्या लेखकांचा पहारा असतो. अशा घासाघिशीत वाक्य बोथट होण्याचे भय अधिक, हे मान्य. परंतु संमती देणाऱ्यांत भारत सरकारही असल्यामुळे, तो अहवाल परकीयांचा म्हणून झिडकारण्याची सोय आपल्या मंत्रालयांना उरत नाही.